अर्धे मिनिट ढवळताना

व्हिस्की आणि शेरी ही नावे शेजारी वाचून भुवया उंचावणाऱ्या वाचकांस प्रथमच सांगतो की, या दोघींची ओळख आम्ही करून दिलेली नाही. स्पेनच्या दक्षिणेस हेरेस नावाचे नगर आहे. त्याच नावाचा इंग्रजी अपभ्रंश म्हणजे शेरी. ही द्राक्षमदिरा पूर्वी ओकच्या पिंपांतून ब्रिटनला जाई आणि रिकाम्या पिंपांत स्कॉटलंडचे मद्यकार आपली व्हिस्की मुरवीत. 1980च्या दशकात पिंपांतून होणारी ती निर्यात थांबली. आता व्हिस्कीसाठी म्हणून मुद्दाम पिंपे शेरीने मुरवून घेतात.

आमच्या कुटुंबात मात्र बाटलीला कधी प्रतिष्ठा नव्हती. आमच्या एका मामांची वाडी दारूपायी गेली. ते उभ्याने, एका घोटात पीत. म्हणूनच सौ.ने अट घातली: मोजून, बसून आणि तिच्यासोबत.

काचेच्या उंच भांड्यात 45 मिलिलिटर स्कॉच, 30 मिलिलिटर ओलोरोसो शेरी आणि संत्र्याच्या सालीच्या कडू अर्काचे दोन थेंब घेतले. ओलोरोसो हवेच्या सान्निध्यात मुरते, म्हणून रंगाने तपकिरी. पण गोड नव्हे, स्वभावतः कोरडीच. मग बर्फाचे मोठे खडे घालून लांब दांड्याच्या चमच्याने अर्धे मिनिट ढवळले. लिंबाचा रस असता तर घुसळणे योग्य. येथे घुसळले की हवा शिरते, बर्फाचा चुरा होतो आणि पेय गढूळ दिसते. ढवळताना वितळणारे पाणी हाही एक घटकच आहे. ते नसेल तर व्हिस्की जिभेला चटका देते. सौ. घड्याळाकडे पाहत होती, भांड्याकडे नव्हे!

गाळून दोन लहान पेल्यांत अर्धे अर्धे ओतले. पहिल्या घोटाला अक्रोड, मागोमाग सुके अंजीर. व्हिस्कीची ऊब बरीच उशिरा, घशाशी आली. तेवढा पेला संपायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात, इतक्या वर्षांनी, आम्ही मामांविषयी बोललो. ते पेटी फार सुरेख वाजवीत, हे सौ.ला ठाऊकच नव्हते.

तिच्या मते व्हिस्की कमी हवी. पुढच्या खेपेस दोन्ही तीस-तीस घ्यायचे ठरले आहे. शेरीची बाटली बूच लावून शीतकपाटात ठेवली. ओलोरोसो तेथे काही आठवडे टिकते.