राळेगाव : जंगलाचं बॅलन्सशीट

'वीकेण्डला कुठे?' असं कुणी विचारलं आणि तुम्ही 'राळेगाव' म्हणालात, तर समोरचा आधी मोबाइलवर मॅप उघडेल. 'अवनी' म्हणून बघा. 'अरे, ती वाघीण!' हे हमखास येणार. २०२१ मध्ये विद्या बालनचा 'शेरनी' पाहताना अनेकांना जी आठवली, तीच ही. यवतमाळ जिल्ह्यातल्या याच तालुक्यात, बोराटीच्या शिवारात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली.

नागपूरहून हैदराबाद हायवे पकडायचा. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट मागे पडतं. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा सुरू. वडकीला हायवे सोडला की दोन्ही बाजूंना काळी जमीन. दिवाळीच्या आसपास गेलात तर बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली असतात. कमरेला फडकं बांधून बायका कापूस वेचत असतात. घनदाट जंगलाच्या अपेक्षेने आलात तर फसाल. इथं शेत संपलं की सागाचं रान, रान संपलं की पुन्हा शेत. मध्ये कुंपण नाही, बोर्ड नाही. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आता थोडा शाळेतला धडा, पण पगाराच्या भाषेत. जंगलाची सगळी कमाई उन्हाची. पानं ती जमा करतात, तीही पडणाऱ्या उन्हाच्या जेमतेम एखाद्या टक्क्याएवढी. पुढे प्रत्येक टेबलावर कपात. गवतात दहा हजार रुपये असतील तर चितळाच्या अंगी लागतात साधारण हजार, आणि वाघाच्या हाती शंभर. बाकीचे चालण्यात, धावण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात खर्च. म्हणून चितळं खूप आणि वाघ मोजके. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. आठवड्याला एक म्हणा ना! आणि मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजावर जगायचं, तर त्याच्या इलाख्यात अशी पाचेकशे जनावरं हवीत.

राळेगावच्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात एवढा बॅलन्स कुठून आणायचा? जे गवत चितळाने खायचं, ते गावची गुरं खातात. शिकार कमी, पण गुरं भरपूर आणि धावायला मंद. वाघाने गाय मारणं हा दुष्टपणा नाही, तो सरळ हिशेब आहे. पण गाईच्या मागे गुराखी असतो. चाऱ्याला, सरपणाला, मोहफुलांना माणूस रानात जातोच.

२०१६ ते २०१८ या काळात या पट्ट्यात तेरा माणसं गेली. त्यांचा ठपका टी-१ म्हणजेच अवनीवर आला. सगळे बळी तिचेच का, यावर वाद झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हस्तक्षेपाला नकार दिला. मग ड्रोन आले, हत्ती आले, तिला ओढून आणायला विदेशी परफ्यूमसुद्धा आला! ती गेली तेव्हा शहरांत निषेध झाले, गावांत फटाके फुटले. आपण बहुतेक जण निषेधवाल्यांत होतो. संध्याकाळी शेतातून एकटं घरी परतायचं नव्हतं ना आपल्याला!

बांधावर बसलेल्या एका काकांना मी विचारलं, वाघ हवा की नको? ते हसले. ''वाघ असला तं आमचा जीव जाते, नसला तं पीक जाते. आता तुमीच सांगा!''

अख्खं इकोसिस्टीम या एका वाक्यात आलं. तूर-कापसाच्या शेतात रानडुकरांना, रोह्यांना खाणं मिळतं आणि लपायला आडोसाही. म्हणजे शेत हीच त्यांची नवी कुरणं. डुकरामागे वाघ येतो. आणि डुकरं हाकायला रात्री जागलीला शेतकरीही तिथंच. उन्हाची कमाई एकच, वाटेकरी मात्र चार.

त्यात वाघ एका जागी राहत नाहीत. शेजारच्या पांढरकवडा भागात टिपेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. बछडे मोठे झाले की त्यांना नवा इलाखा शोधावाच लागतो. २०१९ मध्ये तिथला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत शेतं, रस्ते, वस्त्या. नोकरीसाठी शहर बदलणाऱ्या आपल्यासारखाच, फक्त याला कुणी रूम देत नव्हतं.

म्हणून एक वाघीण मारून इथला हिशेब मिटत नाही. गवत, गुरं, डुकरं आणि मधली मोकळी वाट तशीच राहिली, तर रिकाम्या इलाख्यात पुढचा वाघ येऊ शकतो. उपाय फिल्मी नाहीत. गोठ्यात चारा, घरात गॅस, वेळेवर भरपाई आणि वाघांना जायला सलग रान.

जाणार असाल तर सफारी टिपेश्वरला करा. राळेगावच्या रानात एकट्याने शिरून 'थ्रिल' शोधू नका. त्यापेक्षा बांधावर बसा, चहा घ्या, कुणालातरी जागलीबद्दल विचारा. परत आल्यावर वॉर्डरोबमधला कॉटनचा शर्ट हातात घ्याल, तेव्हा त्याची खरी किंमत टॅगवर लिहिलेली नाही, हे कळेल.