नीसचा हिवाळा

नीसला लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, हे मला अजूनही रुचत नाही. ते गाव हिवाळ्याचं. 2021 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही रिव्हिएरावरचं हिवाळी मुक्कामाचं गाव म्हणूनच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथली बडी हॉटेलं उन्हाळ्यात चक्क टाळं लावून बसत. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे राहिलो. भर जानेवारीत बाल्कनीतल्या उन्हात कपडे वाळत घालताना, लंडनच्या धुक्याला कंटाळून इकडे पळणाऱ्या श्रीमंत इंग्रजांचं मला अगदी पटायचं.

समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, त्यांचाच. 1820 नंतर लगेचच एका कडाक्याच्या थंडीत संत्र्यांच्या बागा गेल्या, हाताला काम नसलेली माणसं गावात भीक मागू लागली. लुईस वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने वर्गणी गोळा करून त्यांना किनाऱ्याने पायवाट बांधायच्या कामाला लावलं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माझी आत्या आमच्याकडे आली होती. तिने एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे रोजगार हमीच की गं!" किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गुळगुळीत गोटे, हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. जुन्या गावात लाकडाच्या भट्टीत, तांब्याच्या भल्यामोठ्या थाळ्यात भाजलेला सोक्का मिळतो. चण्याचं पीठ, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ, वर मिरपूड, बस्स. आत्याने दोन खाल्ले आणि तिसऱ्याला पर्समधून मिरचीचा ठेचा काढला.

वर सिमिएच्या टेकडीवर रेजिना नावाची अवाढव्य इमारत आहे. 1897 मध्ये हे हॉटेल बांधलं ते व्हिक्टोरिया राणीच्या मुक्कामासाठी. राणीने त्या वर्षी आपल्या हिंदुस्थानी मुन्शीला, अब्दुल करीमला, सोबत न्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या दरबारी मंडळींनी राजीनाम्याची भाषा केली होती. मुन्शी गेलाच! पुढे 1938 मध्ये त्याच इमारतीत चित्रकार मातिस राहायला आला. 1917 मध्ये तो पहिल्यांदा नीसला आला तेव्हा पावसाने त्याला हॉटेलात कोंडून घातलं होतं. कंटाळून निघणार, तर आभाळ उघडलं. नीसचं ऊन असं आहे, एकदा पाहिलं की परतीचं तिकीट टोचायला लागतं.

फेब्रुवारीत कार्निव्हल. फुलांच्या गाड्यांवरून पिवळ्या मिमोझाच्या फांद्या लोकांवर उधळतात. आठवडाभर घरभर तो वास.

बाबा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना यातलं काहीच बघायचं नव्हतं. सावरकरांनी मराठीत आणलेल्या मॅझिनीची पारायणं केलेला माणूस. त्यांना हवा होता गॅरिबाल्डी, आणि तो जन्मला नीसमध्ये, 1807 साली. गॅरिबाल्डी चौकात पुतळ्यासमोर हात मागे बांधून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग तक्रार सुरू. इटली एक करणाऱ्याचं गाव फ्रान्समध्ये कसं? मी सांगितलं, ऑस्ट्रियाविरुद्ध मदत केल्याबद्दल 1860 मध्ये पिडमाँटचा पंतप्रधान काव्हूर याने नीस आणि साव्हॉय फ्रान्सच्या नेपोलियन तिसऱ्याला देऊन टाकले. गॅरिबाल्डी नीसचाच खासदार होता, त्याने आकाशपाताळ एक केलं, उपयोग झाला नाही. बाबा तीन दिवस काव्हूरवर खवळलेले.

तेवढ्यात त्यांना दुपारची तोफ सापडली. म्हणतात, थॉमस कॉव्हेंट्री नावाच्या स्कॉटिश गृहस्थाची बायको गप्पांत रमून जेवणाची वेळ विसरायची. म्हणून त्याने रोज बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून बार काढायची सोय केली. तो गेला, बायको गेली, तोफेचा आवाज अजून चालू आहे. बाबा रोज पावणेबाराला एचएमटी हातावर बांधून बाल्कनीत बसायचे. त्यांच्या मते तोफ दोन मिनिटं पुढे होती. त्यांनी घड्याळ काही लावून घेतलं नाही.