अण्णांची विमान कंपनी

आमच्या घरात विमानाचा विचार वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी होतो. कुणाचे आजारपण, नाहीतर लग्नकार्य. एरवी आमची विदर्भ एक्सप्रेस बरी. पण विमानाने जायचे ठरले की तिकीट एअर इंडियाचेच, हा अण्णांचा दंडक होता. दर विचारायचा नाही, वेळ विचारायची नाही. "आपल्या कंपनीत बसायचे," एवढेच ते म्हणत.

त्याला कारण होते. अण्णा १९७४ साली इंडियन एअरलाइन्समध्ये लोडर म्हणून लागले, राखीव जागेवर. सांताक्रूझ विमानतळावर उन्हापावसात सामान ओढायचे आणि विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचायच्या, हे त्यांचे काम. तिथे धड उभे राहता येत नाही, गुडघ्यावरच सरकावे लागते. अण्णांचे गुडघे गेले ते असे. पण पगार ठरल्या तारखेला होई, दवाखाना होता, फंड होता आणि प्रवासाचा पास होता. त्या पासावर १९८६ साली आम्ही सगळे पहिल्यांदा नागपूरला उडालो. पासवाल्यांना जागा उरली तरच बसायला मिळे. दोन विमाने डोळ्यांदेखत गेली, तिसऱ्यात जागा मिळाली. आई खिडकीशी बसली आणि नागपूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मार्च १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना रीतसर मोकळीक मिळाली. पुढे २००७ साली इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या. अण्णांनी हे सगळे पचवले, कारण मालक सरकारच होते. मात्र २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या ताब्यात गेली. काहींनी म्हटले, ज्यांची होती त्यांच्याकडेच परत गेली. ते खोटे नाही. १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन पहिले विमान जे. आर. डी. टाटांनीच आणले आणि १९५३ साली सरकारने कंपनी आपल्याकडे घेतली. पण अण्णांचा हिशेब निराळा. सरकारी कंपनीत राखीव जागा भराव्या लागतात, खासगी कंपनीवर तसे बंधन नाही. कालिन्याच्या वसाहतीतल्या कर्मचाऱ्यांनाही पुढे घरे सोडावी लागली. तरीही अण्णा तिकीट तिथलेच काढा म्हणत. सवय म्हणा, माया म्हणा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, इंदोऱ्याच्या आत्याच्या नातीचे लग्न निघाले. अण्णांना आता चौदा तासांची रेल्वे सोसत नाही. आम्ही चार जण जाणार होतो. दुसऱ्या एका कंपनीच्या चार तिकिटांत साडेपाच हजार रुपये वाचत होते. साडेपाच हजार म्हणजे नवरीची पैठणी नसली तरी बरे पातळ येते. आम्ही चाचरत अण्णांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या कंपनीत आपले कोण आहे?" आम्ही म्हटले, "आता तिकडे तरी कोण आहे, अण्णा?" बोलून गेलो आणि आमचेच आम्हाला वाईट वाटले.

तिकीट काढले. सामान माणशी पंधरा किलो, हातात सात किलो. चहासुद्धा विकत, म्हणून आईने धपाटे बांधून घेतले. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळली. अण्णांसाठी चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती. ती वेळेवर आली आणि पैसेही पडले नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानातच आली नव्हती. एअर इंडिया टर्मिनल दोनवरून उडते आणि आमचे हे विमान टर्मिनल एकवरून होते. म्हणजे सांताक्रूझ! अण्णांचे जुने ठिकाण. इमारत ओळखू येत नव्हती, पण खुर्चीतून अण्णा खुर्ची ढकलणाऱ्या पोराला सांगत सुटले, इथे आमची हजेरी लागायची, इथे पावसात ताडपत्री टाकायचो. पोरगा ऐकत होता. जौनपूरचा होता, ठेकेदाराकडे.

विमानात आम्ही अण्णांना खिडकी दिली. खाली पट्ट्यावरून बॅगा चढत होत्या. पिवळी जाकिटे घातलेली तीन-चार पोरे होती. अण्णांनी विचारले, "ही कंपनीची का?" आम्ही सांगितले की सामान चढवणारी माणसे हल्ली पुष्कळ ठिकाणी विमान कंपनीची नसतात. त्यांच्या वेगळ्याच कंपन्या असतात आणि नोकरी मुदतीची. अण्णा म्हणाले, "मग रंग कोणताही असो." आणि विमान हलेपर्यंत ते त्या पोरांकडेच बघत राहिले.

दीड तासात सोनेगाव आले. विमानतळावर बाबासाहेबांचे नाव आहे. अण्णांनी खुर्ची थांबवायला लावली, उठून उभे राहिले, हात जोडले. मग त्यांना जुन्या लोडरांकडून ऐकलेले आठवले. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारी दिशांची विमाने मध्यरात्री या नागपुरात उतरत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेच्या आत परत फिरत. "चार विमानांच्या पिशव्या, आणि तेही अंधारात," अण्णा म्हणाले. त्या पिशव्या कुणी वाहिल्या असतील, एवढेच त्यांच्या मनात.

लग्न छान झाले. परतीला विमान अडीच तास उशिरा. काउंटरवर कुणी काही बोलेना. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो: देशातल्या अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने खाणे दिले पाहिजे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. आम्ही नियम सांगितला, तेव्हा सँडविच आले. थंडगार होते. धपाटे संपले होते, म्हणून खाल्ले.

घरी आल्यावर आम्ही विचारले, पुढच्या वेळी कोणती कंपनी? अण्णा म्हणाले, "दर बघून काढा." मग थोडे थांबून, "पण बॅग पंधरा किलो चालते म्हणून पंधरा किलो भरू नका. आत वाकून ती कुणीतरी रचतो."