पहिल्या निवडीचे ओझे

‘ड्राफ्ट’ हा शब्द मराठी माणसाला प्रथम भेटला तो बँकेत आणि मग कचेरीत. खेळातल्या ड्राफ्टला मात्र आपल्याकडे अजून सोयीचा शब्द नाही, कारण ती रीतच आपल्या फारशी अंगवळणी पडलेली नाही. आपल्याला ठाऊक आहे तो लिलाव. आयपीएल असो वा प्रो कबड्डी, खेळाडूच्या नावाचा पुकारा होतो आणि ज्याच्या गाठी पैसा त्याचा आवाज चढतो. ड्राफ्टमध्ये रांग उलटी लागते. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत दरवर्षी नव्या खेळाडूंची वाटणी होते, तेव्हा आदल्या मोसमात मागे पडलेल्या संघांना आधी निवड करता येते. पहिल्या क्रमांकाच्या लोभाने कोणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून त्यात सोडतही आली. पण दुबळ्याच्या पानात आधी वाढायचे, हे तत्त्व कायम राहिले. आपल्याकडे २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या मोसमातही खेळाडूंची वाटणी लिलावाने नव्हे, ड्राफ्टनेच झाली होती.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक मूळचा वटारचा, दुसरा नोकरीनिमित्त येऊन वटारकर झालेला. स्टेशनपर्यंतच्या बसमध्ये आमच्या गप्पा साहित्यापेक्षा खेळावरच अधिक रंगतात, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसलेले बरे. या गप्पांत वारंवार डोके वर काढणारा एक प्रश्न म्हणजे, पहिली निवड हाती आलेल्या संघाने तिचे करावे तरी काय? वरवर हा प्रश्न ‘कोणाला निवडावे’ एवढाच वाटतो. आम्हाला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे की, खरा प्रश्न निवडीनंतर सुरू होतो.

आधी निवडीविषयी. १९८४ च्या एनबीए ड्राफ्टची कथा क्रीडारसिकांना पाठ आहे. ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवॉनला घेतले. दुसरी निवड पोर्टलंडची होती. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा त्याच जागी खेळणारा गुणी खेळाडू आधीच होता, उणीव होती ती उंच मध्यखेळाडूची. म्हणून त्यांनी सॅम बोवीला निवडले. बोवीचे महाविद्यालयातले दोन पूर्ण मोसम पायाच्या दुखापतीत गेले होते, आणि पुढेही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने ज्याला उचलले, त्याचे नाव मायकेल जॉर्डन. पोर्टलंडचा विचार मूर्खपणाचा नव्हता. घरात जे नाही ते बाजारातून आणावे, हे संसारी शहाणपण झाले. परंतु आजची उणीव आजच्यापुरती असते आणि निवडलेला मुलगा पुढची दहा-पंधरा वर्षे खेळणार असतो, हा हिशेब त्या शहाणपणात बसत नाही.

याच कथेची भारतीय आवृत्ती २००८ साली घडली. आयपीएलचा पहिलाच मोसम होता. नुकताच विश्वचषक जिंकून आलेल्या एकोणीस वर्षांखालील संघातले खेळाडू लिलावात न घालता ड्राफ्टने वाटण्यात आले. पहिली निवड दिल्लीची होती, आणि त्या विजयी संघाचा कर्णधार विराट कोहली दिल्लीचाच. पण दिल्लीकडे सेहवाग, गंभीर असे फलंदाज होते. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरला गेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा दिल्लीच्या फजितीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या मोसमात कोहलीच्या नावावर जेमतेम १६५ धावा लागल्या. आयपीएलमधले त्याचे पहिले शतक यायला २०१६ साल उजाडावे लागले. त्याच्या पाच वर्षे आधी, २०११ च्या लिलावापूर्वी, बंगळूरने आपल्या सगळ्या खेळाडूंतून एकट्या कोहलीला राखले होते. संघाला पहिले विजेतेपद मिळाले ते थेट २०२५ साली, आणि तेव्हाही तो त्याच संघात होता. म्हणजे बंगळूरचे श्रेय निवडण्यापेक्षा थांबण्यात अधिक आहे. ज्या मुलाने पहिल्या वर्षी हिशेब पुरा केला नाही, त्याच्या नावाची वही त्यांनी मिटली नाही.

आता या पद्धतीतली खरी गोम. पहिली निवड ज्याला मिळते तो संघ दुबळा असतो म्हणूनच ती त्याला मिळते. म्हणजे सर्वांत गुणी मुलगा नेमका अशा घरी जाऊन पडतो जिथे त्याला घडवण्याची ताकद सर्वांत कमी असते. प्रशिक्षक बदललेले, ज्येष्ठ खेळाडू सोडून गेलेले, प्रेक्षक रुसलेले, मालक उतावीळ. अशा घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराकडे सगळे तारणहार म्हणून पाहू लागतात. वाटणीतला न्याय आणि वाढीसाठी लागणारी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची व्यवस्था नियमाने होते, दुसरीची ज्याची त्याने करायची असते.

ती कशी करावी, याचे उत्तम उदाहरण सॅन अँटोनियोचे. १९९६-९७ च्या मोसमात त्यांनी ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले, कारण त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे जवळजवळ वर्षभर बाहेर होता. त्या पडझडीच्या बदल्यात १९९७ ची पहिली निवड मिळाली आणि टिम डंकन आला. रॉबिन्सन स्वतः १९८७ सालची पहिली निवड. ते ओझे काय असते हे त्याला पुरते ठाऊक होते. डंकन त्याच्या शेजारी उभा राहून खेळला. दोन वर्षांत विजेतेपद आले. डंकन पुढे एकोणीस मोसम त्याच एका संघाकडून खेळला आणि त्याने एकूण पाच विजेतेपदे पाहिली. नशीब मोठे होते, हे खरेच. पण नव्या मुलाला घरात एक जाणता मनुष्य भेटला, हेही तितकेच खरे.

अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. क्लीव्हलंडने २०१३ आणि २०१४ अशा दोन्ही वर्षी पहिली निवड मिळवली, आणि अँथनी बेनेट व अँड्र्यू विगिन्स या दोन्ही मुलांना २०१४ मध्येच दुसरीकडे धाडून केव्हिन लव्ह हा तयार खेळाडू आणला. २०१६ साली ते विजेते ठरले. मग निवड विकणे चूक कसे म्हणावे? आमच्यापैकी एकाचा हा नेहमीचा मुद्दा. दुसऱ्याचे उत्तर असे की, लेब्रॉन जेम्स घरी परतल्यावर ते विकायला निघाले. २००३ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेला त्यांचाच जुना मुलगा कर्ता होऊन आला होता. ज्या घरात कर्ता माणूस आहे त्याने बियाणे विकले तर निभावते. ज्याच्याकडे बियाण्याखेरीज काहीच नाही त्याने ते विकू नये. या मुद्द्यावर आमचा वाद मिटलेला नाही.

ड्राफ्ट असो वा लिलाव, कोवळ्या वयात मिळालेले पहिलेपण आमच्या भागाला परके नाही. आमच्या शेजारच्या विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ पहाटेच्या लोकलने वांद्र्याला सरावाला जाई. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत त्याने ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, दिल्लीने त्याला १ कोटी २० लाखांना घेतले आणि ऑक्टोबरमध्ये पदार्पणाच्या कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजी सामन्यात ३७९. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात मात्र त्याच्या नावाला कोणी हात वर केला नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला, चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकले, आणि डिसेंबरच्या लिलावात त्याच दिल्लीने ७५ लाखांना त्याला पुन्हा घेतले. या चढउतारांत दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्हाला खटकते ते एवढेच की, चौदाव्या वर्षापासून त्या मुलाचा प्रत्येक डाव कोणत्या तरी आधीच्या आकड्याशी ताडून पाहिला गेला. साध्या मुलाला जे मिळते, म्हणजे कोणाच्याही नजरेत न भरता बिघडण्याची आणि सुधारण्याची मुभा, ती त्याला क्वचितच मिळाली.

साहित्यातही हे घडते. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या पोराने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. मराठी कवितेची ती पहिल्या क्रमांकाची निवडच म्हणायची. पदवी देऊन संमेलन पांगले. निभावणी झाली ती नगरला, रेव्हरंड टिळकांच्या घरी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ठोंबरे भेटतो तो पदवीधारक कवी म्हणून नव्हे, तर त्या घरातला लाडका, रुसणारा पोर म्हणून. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आतच, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. एवढ्या थोड्या आयुष्यात त्याने जे लिहिले त्यामागे पदवीचा वाटा किती आणि त्या घराचा किती, हे मोजता येणार नाही. आमचे मत घराच्या बाजूने आहे.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की, यंदा आमच्या विभागाला पहिली निवड मिळाली आहे. मराठी विभागांची आजची स्थिती वाचकांना वेगळी सांगायला नको. तृतीय वर्षाला विद्यार्थी एका बाकावर मावतील की काय अशी धास्ती, आणि पटावर कार्यभार व कार्यभारावर पदे अवलंबून. खेळाच्या भाषेत आम्ही तळाचा संघ. अशा विभागात यंदा वटारचीच एक मुलगी आली. बारावीला इतके गुण की कुठेही सहज प्रवेश मिळाला असता. तिने हट्टाने मराठी घेतले. तिचा पहिला निबंध वाचून आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

महिन्याभरात ती सर्वांना हवीशी झाली. युवा महोत्सवात वक्तृत्वाला तीच, वार्षिकांकाची संपादक तीच, प्रवेशाच्या माहितीपत्रकावर छायाचित्र तिचेच. एका सहकाऱ्याने सरळ सांगितले की, हिने दोन पारितोषिके आणली तर पुढच्या वर्षी पट वाढेल. हा युक्तिवाद खोटा नाही. पट वाढला नाही तर आमच्यापैकी एकाचे पद जाऊ शकते, हेही खोटे नाही.

या विचारात असताना तिच्या वडिलांची गाठ पडली. त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे, बांधाला आंब्याची नवी कलमे आहेत. मुलीचे कौतुक ऐकून घेऊन ते म्हणाले, “सर, नव्या कलमाला मोहोर आला तरी आम्ही पहिली तीन-चार वर्षं तो खुडून टाकतो. आंबे धरले तर झाड तिथंच थांबतं. मूळ खाली जायला पाहिजे ना आधी.” ते बहुधा आंब्याविषयीच बोलत होते.

तेव्हा आमच्यापुरते आम्ही ठरवले ते असे. या वर्षी तिने एकच स्पर्धा निवडावी, तीही स्वतःच्या आवडीने. वार्षिकांकात ती लिहील, संपादन करणार नाही. दर पंधरवड्याला एक निबंध, आणि तो वाचून त्यातले कच्चे काय ते स्पष्ट सांगण्याची जबाबदारी आम्हा दोघांपैकी एकाची, म्हणजे दहा जणांची दहा मते तिच्या कानावर आदळणार नाहीत. ग्रंथालयात तिला कपाटांपर्यंत मोकळी वाट. माहितीपत्रकावर विभागाच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे एकत्र छायाचित्र. आणि तिचा एखादा निबंध फसला तर तो फसू द्यायचा. त्याची बातमी करायची नाही.

विभागाच्या बैठकीत हे मांडले तेव्हा सगळ्यांना पटले असे नाही. पट पुढच्या वर्षी मोजला जाणार आहे आणि मुळे किती खोल गेली हे कळायला पाच-सात वर्षे लागतील. दोन्ही हिशेब एका वहीत मांडता येत नाहीत. ते पद आमच्यातल्या कोणाचे, तेही जूनमध्ये कळेल. सध्या तिचा तिसरा निबंध आमच्या टेबलावर आहे. पहिल्या दोहोंइतका तो उतरलेला नाही, आणि समासात तसे लिहून आम्ही तो उद्या तिला परत देणार आहोत.