मानमोडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधला दीड महिना कोंबड्यांत गेला.

सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेने गिरगावात कोंबड्या पाळाव्यात का, हा प्रश्न वाडीत सगळ्यांनी विचारून झाला आहे. तेव्हा तो इथे नको. आमच्या चाळीच्या मागे विहिरीला लागून थोडी मोकळी जागा आहे. वाडीच्या संमतीने तिथे जाळीचं खुराडं करून घेतलं आणि गिरिराज जातीची बारा पिल्लं आणली. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब घालून द्यायची लस त्यांना मिळालेली होती. पुढची, टोचून द्यायची, आठव्या आठवड्यात होती. वहीत तारीख लिहून ठेवली होती.

सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी, दोघी पंख पाडून कोपऱ्यात बसल्या. विष्ठा हिरवट, पाण्यासारखी. श्वास घेताना चोच उघडी. बुधवारी सकाळी दोघी गेल्या. शुक्रवारपर्यंत आणखी चार. शनिवारी एकीची मान अशी पिळली गेली, की ती आभाळाकडे बघत मागे मागे चालू लागली.

माझी आजी असती तर तिने लांबूनच नाव सांगितलं असतं. मानमोडी! या रोगाचं पुस्तकी नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसलला तो नोंदला गेला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. त्यानंतर लवकरच तो कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला, म्हणून आपल्याकडे राणीखेत. बिचाऱ्या दोन्ही गावांचा काय दोष?

पण आजीच्या तोंडी मानमोडी हा शब्द माणसांच्या साथीसाठीही होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत. मुंबईत ती साथ जूनमध्ये आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतली ती अधिक मारक होऊन. हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं गेली. आजीचे दोन भाऊ त्यात गेले. ती सांगायची तेव्हा आवाज जराही हलायचा नाही. "आठ दिवसांत दोघे," एवढंच. पुढचं वाक्य गाईच्या धारेचं. लहानपणी मला ती फार कठोर वाटायची.

तर झालं असं, की शुक्रवारी गेलेल्यांपैकी एक कोंबडी दुहेरी पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून मी टॅक्सीने परळला नेली. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. थोड्या अंतरावर हाफकिन संस्था. हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस १८९७ साली याच मुंबईत तयार केली. त्या दिवसांत माणसं मेलेल्या उंदरांवरून साथ ओळखायची, हे वर्गात शिकवलं होतं. आता माझ्या मांडीवर डबा होता.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी कोंबडी उघडली आणि जठराच्या आतल्या अस्तरावरचे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दाखवले. "बाई, ही राणीखेतची खूण. पण बर्ड फ्लूमध्येही असं दिसू शकतं, म्हणून नमुना तपासायला हवा." रोग कुठून आला, या प्रश्नावर त्यांनी वर बोट दाखवलं. कबुतरांना त्याच कुळातल्या विषाणूची बाधा होते. शिवाय चपला, खाद्याची पोती, भांडी, कशावरूनही तो येतो. औषध नाही. लस एवढंच.

उत्तर यायला काही दिवस लागले आणि तेच दिवस कठीण होते. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा नक्की झाला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला, आणि त्याच सुमारास मुंबईत मेलेल्या कावळ्यांतही सापडला. हे वाडीतल्या लोकांना आठवत होतं. कुणी भांडलं नाही, पण विहिरीकडची वर्दळ थांबली. वरच्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "बाई, उरल्यात त्या आजच कापा. फुकट कशाला घालवता?" मी नाही म्हटलं. आजारी पक्षी कापणं, वाटणं म्हणजे रोग घरोघर पोचवणं. गेलेल्या सगळ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या.

वाडीतल्या पोरांनी कोंबड्यांना नावं ठेवली होती. त्यांना "गावी पाठवल्या" असं सांगा, असा सल्ला मिळाला. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, मुलांना खोटं लगेच कळतं. खरं सांगितलं. एकाने विचारलं, "मग तुम्ही रडलात का?" हो म्हटलं.

"कोंबड्याच तर होत्या," असंही ऐकलं. खरं आहे. त्यातले कोंबडे मी पुढे कापायला दिलेच असते. तरी रोज सकाळी झाकण उघडून बारा मोजायच्या, ही माझी हजेरी झाली होती. नोकरीत तीन वेळा हजेरीपटावरच्या एका नावावर, मूल गेल्यामुळे, लाल रेघ ओढावी लागली. ते दुःख आणि हे दुःख एका तागडीत घालणार नाही. पण रेघ ओढून पुढचं नाव घ्यावंच लागतं, तेव्हा समोर बाकीची मुलं बसलेली असतात. आजीची गाय तशीच वाट बघत उभी असणार. आता ती मला कठोर वाटत नाही.

बर्ड फ्लू नव्हता. बारांपैकी चार उरल्या. त्यांतली एक वाकड्या मानेची. ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं. सपाट ताटलीतला दाणा तिला टिपता येत नाही, सारखी चोच चुकते. खोल वाडग्यात दिलं की काही ना काही चोचीत येतंच. ती खाते आहे, तोवर राहील.

नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी चार गोष्टी. लसीच्या तारखा आणि रोजची संख्या वहीत लिहा. माझ्या वहीमुळे डॉक्टरांचं काम सोपं झालं. खुराड्यासाठी वेगळ्या चपला ठेवा. नवा पक्षी आणला की दोन-तीन आठवडे लांब ठेवा. आणि पटापट मेल्या तर लपवू नका, पशुवैद्यांना कळवा.

वाचलेल्या कोंबड्याही काही आठवडे विषाणू बाहेर टाकू शकतात, म्हणून नवी पिल्लं इतक्यात नाहीत. चुना मारून खुराड्याचा रिकामा भाग उन्हात उघडा ठेवला आहे. पोरं तारीख विचारून गेली आहेत.