मिठाच्या खड्यातली रिकामी जागा

संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्ही तिळगुळाच्या टेबलावर ड्यूटीला होतो. सांगलीहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी वडी घेता घेता विचारलं, "डॉक्टर ना रे तू? माझ्या गुडघ्याचं बघ की जरा." आम्ही नेहमीचा खुलासा केला : आम्ही पीएच.डी.वाले, रसायनवाले, गुडघे नव्हे, स्फटिक तपासतो. "म्हणजे करतोस तरी काय?" हा प्रश्न मंडळातल्या बऱ्याच जणांनी आम्हाला कधी ना कधी विचारला आहे. म्हणून आजींना दिलेलं उत्तर इथे लिहून काढतो.

आमच्या तंत्राचं नाव इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स. घरगुती नाव ईपीआर. १९४४ साली सोव्हिएत रशियातल्या कझान शहरी झावोइस्की यांनी ते शोधलं. धातूच्या काही आयनांमध्ये जोडीदार नसलेले, एकटे इलेक्ट्रॉन असतात. ते चिमुकल्या लोहचुंबकासारखे वागतात. स्फटिक मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवायचा, त्यावर मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. ठरावीक जोराला हे इलेक्ट्रॉन लहरींतली ऊर्जा गिळतात आणि आलेखावर रेघ उमटते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झचा; आमचा ९.५ च्या आसपासचा, पण इतका मंद की त्यावर पोळीही गरम होणार नाही. चुंबक मात्र दांडगा, साधारण ३,४०० गॉसचा.

आजींना उदाहरण दिलं मिठाचं. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन आळीपाळीने बसलेले असतात. प्रत्येक सोडियमवर एक धन भार. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात कणभर मँगेनीज क्लोराइड घालून स्फटिक वाढवला, की हजारो सोडियममागे एखाद्याच्या जागी मँगेनीज जाऊन बसतं. पण त्याच्यावर धन भार दोन! खड्याचा एकूण हिशेब तर शून्यच राहिला पाहिजे. म्हणून एक पाहुणा आला की दोन सोडियम जातात. एकाच्या जागी पाहुणा बसतो, दुसऱ्याची जागा रिकामी राहते.

या रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉनच नाही, त्यामुळे ईपीआरला ती दिसत नाही. ती कळते शेजाऱ्यावरून. सहा रेघांचा संच ही मँगेनीजची सही. शेजारचं घर रिकामं असेल, तर त्या रेघा फुटून जास्त होतात, आणि खडा चुंबकात थोडा थोडा फिरवला की जागा बदलतात. त्यावरून रिकामी जागा कुठल्या दिशेला आहे ते काढता येतं. वॉटकिन्स यांनी १९५९ साली मिठाच्या जातीच्या स्फटिकांत हे दाखवून दिलं.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती जागा कायमची रिकामीच का रे?"

आम्ही मास्तरकीच्या सुरात सांगितलं, "तापवलं की जोडी सुटते, जागा लांब भटकते, पण भरत नाही. मात्र ती आहे म्हणूनच मँगेनीजला हलता येतं. खडा नुसता ठेवून दिला, तरी ही मँगेनीज मंडळी आपापली रिकामी जागा बरोबर घेऊन हळूहळू एकमेकांजवळ येतात. घोळका करतात."

"मंडळ काढतात म्हण की!" आजी हसल्या. मग वडीचा कागद घडी घालत म्हणाल्या, "आमची दोन्ही पोरं इकडंच. येताना माडीवरची खोली झाडून कुलूप लावून आले."

आम्हाला पुढे काही बोलायला सुचलं नाही. आम्ही त्यांना आणखी एक वडी दिली.

रात्री घरी आलो तेव्हा भारतात सकाळ होती. फोन लावला. आईने आदल्या दिवशी गूळपोळ्या केल्या होत्या, दहा. एकटीला दहा कशाला, म्हटलं. म्हणाली, "शेजारी देते. कमी करायची सवयच नाही लागली अजून."

आजी मार्चअखेर परत जाणार आहेत. तोवर मंडळातल्या खऱ्या डॉक्टरांपैकी कोणीतरी त्यांचा गुडघा जरूर बघावा, ही विनंती.