सागाच्या खोडातील जलवाहिन्या

झाडाच्या मुळांपासून पानांपर्यंत पाणी नेणारी जी ऊती वनस्पतिशास्त्रात प्रकाष्ठ म्हणून ओळखली जाते, तिच्यातील वाहक पेशी आपले काम मरण पावल्यावरच सुरू करतात, आणि हे कितीही वेळा वाचले तरी त्याचे नवल ओसरत नाही. कोवळी पेशी आधी लांबते, लिग्निन या कठीण द्रव्याने आपली भिंत आतून मजबूत करते आणि अखेर स्वतःतील जीवद्रव्य पचवून रिकामी होते. एकाखाली एक रचलेल्या अशा पेशींमधले पडदे विरले की त्यांची मिळून एक सलग नळी बनते, तीच जलवाहिनी.

या निर्जीव नळ्यांतून पाणी चढते कसे? केशाकर्षणाने एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या नळीत ते जेमतेम ३० सेंटिमीटर चढते, हवेच्या दाबाचे बळ १० मीटरांच्या आसपास संपते, आणि कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष तर ११५ मीटरांपर्यंत पोहोचतात. वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली, तेव्हा वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण शेंड्याकडे चढतच राहिले, त्यामुळे खोडात एखादा सजीव पंप असावा ही कल्पना मागे पडली. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी कारण पानांत शोधले: पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, वाफ निघून जाते, तिच्यामागे पाणी ओढले जाते, आणि पाण्याचे रेणू परस्परांना इतके घट्ट धरून असतात की ती ओढ खाली मुळांपर्यंत पोहोचते. या ताणाने नळी आत चेपली जाऊ नये म्हणूनच लिग्निनचा तो सारा खटाटोप. जमीन कोरडी पडून ताण फार वाढला, तर मात्र पाण्याचा धागा तुटतो, वाहिनीत बुडबुडा धरतो आणि ती निकामी होते.

सागाच्या फळीचे आडवे कापलेले टोक नीट तासले, तर या वाहिन्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असलेला साग वाढीच्या आरंभी रुंद वाहिन्या घडवतो, हंगाम सरत जाईल तशा अरुंद, आणि त्या दोहोंचे मिळून एक वलय होते. कालांतराने आतल्या वाहिन्यांत शेजारच्या जिवंत पेशींचे फुगवटे शिरतात व त्या बुजतात; पाणी बाहेरच्या फिकट लाकडातूनच वाहत राहते, आणि सुतार ज्याचे मोल करतो तो सोनेरी तपकिरी, वाळवीला सहसा दाद न देणारा गाभा या बंद पडलेल्या वाटांचाच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागाच्या ५०० हून अधिक वर्षांच्या वलयांचा अभ्यास केला, आणि अपुऱ्या मोसमी पावसाच्या वर्षांत ती अरुंद राहिल्याचे त्यांना आढळले. पावसाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या त्याच्या कितीतरी आधीच्या अवर्षणांचा माग या मृत पेशींतून आता लावता येतो.